डबीचा हिरवा दिवा

तीर्थरूप अम्माच्या पायांवर वादिराजचं डोकं.

बेंगळुरात मी मजेत आहे. तू दिलेली चटणीपुडी ऑफिसातल्यांनीच फस्त केली. तुझा पाय कसा आहे? तू सांगितलं नाहीस, तरी विचारतोय.

तुझ्या सोबतीला आमच्या कंपनीची बोलकी डबी ठेवून आलो होतो ना, ती कुणाला आणि कशी विकायची, हे ठरवायचं काम माझंच. काल बैठकीत साहेबांनी घरोघरच्या डब्यांनी टिपलेले आवाज ऐकवले. एक बाई डबीला सांगत होती, "न्हाणीत पडले गं. पण वादूला बोलू नकोस हं."

सगळे हसले. मुत्तण्णासाहेब म्हणाले, "सापडलं! आईबाप लपवतात, तेच मुलांना विकायचं. हा वादू कोण असेल तो, मागू तेवढे पैसे देईल."

ऑफिसात मला वादू कुणी म्हणत नाही. मी मान डोलावली.

शनिवारी येतो. तोवर डबीचा हिरवा दिवा लागलेला असेल, तर काही बोलू नकोस. फोनवरही नको, म्हणून तर हा कागद.

तुझा लेक,
वादू

ता. क. कुरिअरवाला दारात उभा आहे, आणि पत्र मोठ्यानं वाचायची तुझी सवय आत्ता आठवली. अम्मा, जरा मान वर करून दिवा बघ.