दुसरी सही

४ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद. ईमेल तू उघडत नाहीस, म्हणून कागदावर लिहितो.

ज्ञानकोशाचं घोडं अजून अडलेलंच आहे. कोणीही उठावं आणि लिहावं अशा त्या इंटरनेटवरच्या कोशाला उत्तर म्हणून आम्ही तज्ज्ञांचा कोश काढायला निघालो, त्याला तीन वर्षं झाली. नियम मीच केला: नोंद डॉक्टरेटवाल्याने लिहायची, दुसऱ्या तज्ज्ञाने तपासून सही करायची. होतं असं, की दुसऱ्याला पहिल्याची नोंद टाकाऊ वाटते. तो सही न करता स्वतःची नवी लिहितो, मग तिलाही दुसरी सही लागते. ज्वालामुखीवर पाच नोंदी पडून आहेत. त्यातली एक माझी.

३१ मार्चपर्यंत कोश सुरू झाला नाही तर ग्रंथालय आमची खोली काढून शिवणवर्गाला देणार आहे. निवृत्तीनंतर मी एवढं एकच काम केलं, ते असं गुंडाळावं लागलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. दोन्ही सह्या झालेली एकमेव नोंद, 'नवजात बाळ', सोबत जोडली आहे. तू प्रसूतिगृहात परिचारिका होतीस, तेव्हा शुद्धलेखन तेवढं बघ.

तुझा,
दादा

१५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. शुद्धलेखन उत्तम आहे. मजकुराचं काय करायचं ते सांग.

तुझे दोन डॉक्टर म्हणतात, बाळाला जन्मल्याबरोबर कोमट पाण्याने आंघोळ घालावी. अरे, कोणत्या काळातलं पुस्तक उघडलं त्यांनी? बाळ आधी कोरडं पुसायचं. आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवायचं, वरून पांघरूण घालायचं, डोक्याला टोपी. आंघोळ दुसऱ्या दिवशी. ओलं बाळ बघता बघता गार पडतं. एकतीस वर्षं मी हेच केलं आणि नव्या मुलींना हेच शिकवलं.

आंघोळीचं हेच वाक्य त्या इंटरनेटवरच्या दुसऱ्या कोशातही होतं, म्हणून मी ते दुरुस्त केलं. 'लिंबूसरबत' नावाच्या कोणा गृहस्थाने दहा मिनिटांत माझी दुरुस्ती पुसली आणि छापील पुरावा मागितला. एकतीस वर्षं म्हणजे पुरावा नव्हे म्हणे. पण निदान दहा मिनिटांत बोलला तरी.

वहिनींना नमस्कार.
धाकटी

२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद. तुझं पत्र बैठकीत वाचलं. दोन्ही डॉक्टरांनी तुझी पदवी विचारली. मग वाक्य काढायचं का, यावर मतं घेतली. नियम माझाच, म्हणून मी हात वर केला नाही. वाक्य राहिलं. तुझी वहिनी तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. तू तरी राग धरू नकोस.

दादा

१ मार्च

ती. दादास,
नमस्कार. राग धरलाय.

मला तज्ज्ञ म्हणू नका, माझं काही अडलेलं नाही. पण त्या दुसऱ्या कोशावर लोक जरा बिचकून विश्वास ठेवतात. तुमच्या नोंदीखाली दोन डॉक्टरांची नावं असतील. एखादी पहिलटकरीण ती वाचेल आणि निमूटपणे बाळ पाण्यात धरेल. वाक्य काढ, नाहीतर कोशच काढू नकोस.

धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद. वाक्य मी काढलं. डॉक्टरांनी सह्या आणि नोंद दोन्ही परत घेतल्या. बाकीच्या तज्ज्ञांनी राजीनामे दिले, एकाचाही चार पानांच्या आत आवरला नाही. तज्ज्ञच उरले नाहीत, म्हणून खोलीची किल्ली देऊन टाकली. आता तिथे शिवणयंत्रं खडखडतात.

३१ तारखेला कोश आमच्या जेवणाच्या टेबलावरून सुरू केला. नोंद नव्हतीच. मग तुझं जानेवारीचं पत्र काढलं, वरचा नमस्कार आणि माझ्या डॉक्टरांचा उद्धार कापला, उरलं ते नोंद म्हणून लावलं. लेखिका: परिचारिका, प्रसूतिगृहात एकतीस वर्षं. दुसरी सही हवीच, नियम म्हणजे नियम. ती तुझ्या वहिनीने केली. तपासणारी: दोन मुलांची आई. सही करताना ती माझ्याशी बोलली. एवढ्यासाठी तीन वर्षं लागली का, असं विचारलं.

आजवर आपला कोश चारदा उघडला गेला, त्यात दोनदा मीच होतो. पण काल तुझ्या लिंबूसरबताने आपल्या नोंदीचा पुरावा देऊन तुझं वाक्य तिथे परत लावलं. तिकडे ते रोज शेकड्यांनी लोक वाचतात. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आपल्या कोशात सध्या एकच नोंद आहे. ती बरोबर आहे.

बैठकीत मी हात वर करायला हवा होता. लोभ पूर्वीसारखा ठेवशील का ते कळव.

तुझा,
दादा