दुसऱ्या चित्राची वाट

रविवार, १५ मार्च २०२६

आजच्या घटना, क्रमाने.

१. ५:४५ – गिरगावातून, घरच्या टेबलावरून, मावळातल्या बलूनच्या मैदानावर मी संदेश पाठवला : जमिनीलगत वारा ५ नॉट, आकाश निरभ्र, उड्डाणास हरकत नाही.
२. ६:३१ – बलून वर गेला. पायलट हितेंद्र, प्रवासी चार.
३. ६:३५ – माझा दुसरा संदेश : थांबा, पूर्वेकडून वादळी वारा येतो आहे.
४. ६:३६ – मैदानावरच्या माणसाने वॉकीटॉकीवरून हितेंद्रला कळवलं. तो उतरायची जागा शोधू लागला.
५. ६:४९ – वारा एकदम २७ नॉट, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटर. टोपली जमिनीला टेकली, आडवी झाली आणि शेतातून एकशे ऐंशी मीटर फरफटत गेली. बांधाला अडून थांबली.
६. हितेंद्रच्या पाठीचा मणका मोडला. एका बाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. बाकीच्यांना खरचटलं. कोणी दगावलं नाही.

इतकंच.

सोमवार, १६ मार्च

डिलाईल रोडला आमच्या हवामान कंपनीच्या ऑफिसात पोचले तेव्हा सगळे कॉफीच्या मशीनपाशी बोलत होते. मी जवळ गेले. एकाने उगाचच कप विसळला.

अनिमेषने केबिनमध्ये बोलावलं. साहेब असला तरी आमच्यात अरेतुरे आहे. म्हणाला, "तू मेसेज केलास, वेळ नोंदलेली आहे. आपण सेफ आहोत, ऋग्वेदा."

आपण!

चौकशी अधिकाऱ्यांसाठी अहवाल मीच लिहायचा. "तुझ्याइतकं नेमकं कोणाला जमतं?"

मंगळवार, १७ मार्च

टोरांटोहून आईचा फोन. "जेवलीस का?" हो म्हटलं. बाबा आणि माझा भाऊ गंधार मागे काहीतरी हसत होते. जानेवारीत तिघं तिकडे गेले तेव्हापासून या घरात एकच ताट लागतं. आज तेही लागलं नव्हतं.

बुधवार, १८ मार्च

अहवाल गेला. पान चार : ५:४५, मग ६:३१, मग ६:३५. त्याखाली अनिमेषने एक वाक्य घातलं – 'पायलटने उड्डाणापूर्वी ताजा अंदाज मागवला नाही.' वाक्य खरं आहे. हितेंद्रने मागवला नव्हता.

सही केली.

गुरुवार, १९ मार्च. पाडवा.

खाली शोभायात्रा. ढोल इतके की खिडकीची काच थरथरते. मी गुढी उभारली नाही. समोरच्यांच्या मोजत बसले. सकाळी सगळी वस्त्रं समुद्राकडे – जमिनीवरचा वारा. साडेदहाला एकेक करत उलटी फिरली. समुद्रावरचा वारा सुरू. याला कुठलंही यंत्र लागत नाही.

शेजारच्या यशोदाकाकू श्रीखंडाची वाटी घेऊन आल्या. "काय गं, वर्षाच्या पहिल्या दिवशी गाऊन? पोरी नऊवारी नेसून बुलेट चालवताहेत खाली!"

"बरं नाही काकू."

"ताप?"

"नाही."

"मग बरं आहे. चल." हात धरला. मी सोडवून घेतला – जरा जोरातच. वाटी ठेवून निघून गेल्या. दिवसभर पुन्हा कोणी आलं नाही.

शनिवार, २१ मार्च

रविवारची यादी पुरी नाही. इथे कोणी वाचणार नाही, तरी इथेसुद्धा गाळलं!

१ आणि २ च्या मध्ये : ६:१८. रडारच्या चित्रात पूर्वेला पावसाचा एक ठिपका, आणि त्याच्या पुढे केसाएवढी बारीक रेघ. असल्या ढगातून खाली कोसळलेली गार हवा जमिनीवर पसरत येते. तिची कड अशी दिसते. मैदानापासून पंचवीस किलोमीटर. मी ती पाहिली. ओळखली. संदेश टाइपही केला : थांबा.

पाठवला नाही. पुढच्या चित्राची वाट पाहिली. ते ६:२८ ला यायचं, ६:३४ ला आलं.

फेब्रुवारीत एकेका चित्रावरून मी दोन उड्डाणं रद्द करवली होती. दोन्ही दिवशी लख्ख ऊन. ऑफिसात मला 'छत्रीबाई' म्हणू लागले. अनिमेष म्हणाला होता, "एका चित्रावर आभाळ पाडू नकोस. दोन बघ, मग बोल." म्हणून दोन बघितली. सोळा मिनिटं. हितेंद्र त्यातल्या तेराव्या मिनिटाला उडाला.

आणि आमचा मैदानाशी ठरलेला नियम – पहिल्या संदेशानंतर काही आलं नाही, म्हणजे हवा तीच. अंदाज पुन्हा मागवायचा नसतोच. अनिमेषला हे माहीत आहे. काल विचारलं तर म्हणाला, "लिहिलंय कुठे?"

कुठेच नाही.

मंगळवार, २४ मार्च

परळला हॉस्पिटलमध्ये गेले. दोनदा गेटवरून परतले, तिसऱ्यांदा वर गेले.

हितेंद्रची आई मंजुळाबाई स्टुलावर. कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या. "तू ती हवामानवाली ना? बस गो बाय." मला स्टूल देऊन त्या उभ्या राहिल्या. वर्षभर मी रोज त्यांच्या मुलाला वारा कळवते, आणि तो कफ परेडचा, हे मला ठाऊक नव्हतं.

हितेंद्र छातीपासून कमरेपर्यंत पट्ट्यात. तरी जीभ चालू. "मॅडम, पहिल्यांदा दिसलात! मला वाटायचं चष्मा असणार."

"ऑफिसात असतो."

"बघ आये, बोललो होतो." मग छताकडे बघत म्हणाला, "एकतीसला लायसन्सचा निकाल. चौकशीचे साहेब म्हणतात, तू विचारलं नाहीस. आता मॅडम गप्प म्हणजे हवा चांगली, असंच चालतं ना आपलं? पाच मिनिटं जास्त थांबलो होतो मी. फोन हातात धरून."

मंजुळाबाई म्हणाल्या, "आमच्यात दर्या गप झाला की माणसं घाबरतात. हा उडायला निघाला."

तो हसला, आणि कळ आली म्हणून थांबला. मग विचारलं, "तेव्हा तुमच्याकडे काही दिसत होतं का?"

"खात्री नव्हती."

हे वाक्यही खरं आहे. अनिमेषच्या वाक्याइतकंच. तो म्हणाला, "मग काय, नशीब." मंजुळाबाईंनी मला मोसंबी सोलून दिली. मी ती खाल्ली.

बुधवार, २५ मार्च

सकाळी ११:०५ ला चौकशी अधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र. प्रत अनिमेषला आणि हितेंद्रला.

'१८ मार्चच्या अहवालावरची माझी सही मी मागे घेत आहे. पान चार अपुरे आहे. ६:१८ चे रडारचे चित्र सोबत जोडले आहे. ते मी त्याच वेळी पाहिले, धोका ओळखला, आणि ६:३५ पर्यंत कळवले नाही. आमच्याकडून संदेश न येणे म्हणजे उड्डाणास परवानगी, अशी रीत होती. पायलटने ती पाळली. माझा जबाब नव्याने घ्यावा, आणि तोवर त्यांच्या परवान्याचा निर्णय करू नये. सोमवार, ३० मार्चपर्यंत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.'