रंगांच्या आठवड्यात आबा नापास

सोमवार, १ डिसेंबर

लाल! एवढे रंग पडलेत जगात, आणि सुरुवात नेमकी लालने!

हेमालीने सकाळी शौनकला माझ्याकडे सोडलं, फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि ऑफिसला पळाली. कागदावर — 'रंगांचा आठवडा'. सोमवारी लाल, मंगळवारी हिरवा, बुधवारी पिवळा, गुरुवारी रंगांप्रमाणे वस्तू वेगळ्या करणे. प्लेग्रुपच्या बाईंचं फर्मान — आईबाबांनी घरी करून घ्यावं. आईबाबा कामावर. म्हणजे आबांनी! वर रोज एक व्हिडिओ पाठवायचा.

एरवी बायकोच्या, चंद्रभागेच्या गळ्यात मारलं असतं. पण बाईसाहेब आंबिवलीला, भाचीच्या हळदीला. आमच्या आगऱ्यांची हळद, ती काय एका दिवसात उरकते? शनिवारी येणार.

ही वही कोणी उघडत नाही, म्हणून लिहितो. मला लाल आणि हिरवा यातला फरक दिसत नाही. जन्मापासून. टोमॅटो लाल असतो हे पाठ आहे, दिसत नाही. सिग्नलला वरचा दिवा थांब, खालचा चल. चौसष्ट वर्षं निभावून नेलं. आणि आता माझ्या लेकीचं पावणेतीन वर्षांचं पोर मला उघडं पाडणार!

टोमॅटो दाखवला. "लाल!" शौनकने चावला, रस सगळा शर्टावर. मग गॅलरीतून कपड्यांचा चिमटा घेऊन आला. "आबा, हा?"

मी छातीठोक — "लाल!"

देव जाणे.

मंगळवार, २ डिसेंबर

हिरवा. धोका नको म्हणून मटार आणि कोथिंबीर आणलेली. पण पोराला चिमट्यांचाच नाद. अख्खी टोपली माझ्यापुढे ओतली. वीस चिमटे! एकेक उचलून — "हा? हा? हा?"

चिमटे पिशवीत, पोर कडेवर, खाली गेलो. वॉचमन सीताराम पेपर वाचत बसलेला. म्हटलं, "सीताराम, वयाबरोबर माणूस रंग विसरतो म्हणे. तुझी परीक्षा घेतो. हा कोणता?"

"हिरवा."

"शाबास! हा?"

"लाल. हापण लाल. साहेब, तब्येत बरी आहे ना तुमची?"

प्रत्येक चिमट्यावर पेनाने 'ला' किंवा 'हि' लिहून वर आलो. शौनकने सगळे बादलीत बुडवले. शाई गेली, विद्या गेली.

खरं तर आज उगाच ते रेल्वेचं आठवत राहिलं. १९८३ला असिस्टंट ड्रायव्हरच्या लेखी परीक्षेत पास झालेलो. मेडिकलला डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक उघडलं — "आकडा सांगा." कसला आकडा! मला नुसते ठिपके! दोन मिनिटांत बाहेर. घरी कोणत्या तोंडाने सांगणार? म्हटलं, मीच नोकरी सोडली, बापाची भातशेती कोण बघणार? गावाने डोक्यावर घेतलं. 'नाथाने रेल्वेला लाथ मारली, बापासाठी!' अजून चंद्रभागा प्रत्येक लग्नात चार बायका गोळा करून हेच सांगते, आणि मी लांबून मिशी पिळतो.

पुढे पतपेढीत पांढऱ्यावर काळं करत रिटायर झालो. दोनच रंग. झकास नोकरी.

बुधवार, ३ डिसेंबर

पिवळा. हा आपला माणूस! केळं, हळद, लिंबू — शौनक पैकीच्या पैकी. मीपण.

गुरुवार, ४ डिसेंबर

दोन वाट्या. एकीत लाल चिमटे, दुसरीत हिरवे. पहिला-पहिला चिमटा सीतारामला विचारून मी ठेवला, पुढचे शौनकने. मला एवढाच अंदाज — गडद तो लाल, फिकट तो हिरवा. पोराने बरोब्बर तसेच लावले! एकपण इकडचा तिकडे नाही. ऊर भरून आला. व्हिडिओ पाठवला.

हेमालीने न बघताच तो आयांच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात फोन.

"बाबा, हे काय! अर्धे चिमटे चुकलेत, आणि मागे तुम्ही 'वा रे पठ्ठ्या' करून टाळ्या वाजवताय? समृद्धीच्या आईने हसून रडणारी चार तोंडं पाठवलीत! लक्ष कुठे होतं तुमचं?"

म्हटलं, "चष्मा नव्हता."

"चष्मा तुमच्या नाकावर दिसतोय व्हिडिओत!"

फोन ठेवला.

शुक्रवार, ५ डिसेंबर

दाढी करताना डोक्यात आलं आणि हात थांबला. गडद तो लाल, फिकट तो हिरवा — हे मी शौनकला सांगितलेलंच नाही! मग त्याने तसे का लावले?

वाट्या कालच्या तशाच होत्या. सीतारामला दाखवल्या. गडद हिरवे सगळे लाल वाटीत. फिकट लाल सगळे हिरव्या वाटीत. चुका त्याच, ज्या मी केल्या असत्या.

फोनवर वाचलं. हे मुलाला आईकडून येतं. आईला दिसतं सगळं नीट, पण तिला ते तिच्या बापाकडून आलेलं असू शकतं. म्हणजे माल आमच्याच दुकानातला! वाईट वाटलं. फार. पोराला मी काय काय दिलं — खेळण्यातली बोट, चांदीचा करदोडा — आणि न विचारता हे!

संध्याकाळी हेमाली आली ती चप्पल काढून थेट त्याच्यापुढे बसली. "शौनक, लाल दे. लाल!" त्याने एक दिला. "हा हिरवा आहे. मुद्दाम करतोस ना तू?" आवाज चढलेला. पोराने माझ्याकडे बघितलं.

मी पेपर उघडला. भेकड! नुसता भेकड!

लहान आहे, शिकेल अजून, असं मनाला सांगितलं. मन ऐकेना.

शनिवार, ६ डिसेंबर

चंद्रभागा आली. हात पिवळे, घसा बसलेला, तरी तोंड चालूच. "नवरदेवाला सांगितलं मी, बापाची सेवा कशी करायची त्ये आमचे मानसाला बघून शीक!" आज मिशीकडे हात गेला नाही.

हेमालीला सुट्टी. पुन्हा चिमटे. शौनकने पाचव्यांदा चुकीचा दिला तेव्हा ती म्हणाली, "ढ आहेस का रे तू?"

त्याचा खालचा ओठ बाहेर आला. रडलाही नाही. चिमटा नुसता दोन्ही हातांत धरून बसला.

माझ्याच्याने बघवेना. म्हटलं, "ढ नाही तो. त्याला दिसत नाही. मला दिसत नाही, म्हणून त्याला दिसत नाही." आणि मग सगळंच बोललो. ठिपके, डॉक्टर, रेल्वेने मला काढलेलं, मी काहीही सोडलेलं नाही.

हेमालीने पोराला ओढून मांडीवर घेतलं, त्याच्या डोक्यावर तोंड टेकवून रडली. "बाबा, काल का नाही बोललात? मी ओरडत होते ना त्याला!" सोमवारी डॉक्टरांना विचारायचं ठरलंय. एवढ्या लहान वयात तपासता येतं की नाही, बघू.

चंद्रभागा बॅग घेऊन आत गेली. दुपारी माझ्या ताटात सुक्या बोंबलाचं नुसतं शेपूट.

रविवार, ७ डिसेंबर

चहाला बोलली एकदाची.

"रेल्वेनं काढलेलं, ह्ये तवाच सांगायचं ना! माझा बाबूस आपले लग्नाला वरीसभर अडून बसलेला. बोलायचा, रेल्वेनं नाय घेतला त चालंल, पन आयती नोकरी सोडतं त्यो येडा, येड्याला पोर नाय देत. चार दिस उपाशी राहिली मी, तवा हो बोलला!"

चाळीस वर्षं मिशी पिळतोय मी!

"मग तू उपाशी का राहिलीस?"

"येडा आवडलेला," म्हणाली, आणि माझ्या बशीतला टोस्ट उचलून स्वतःच्या चहात बुडवला.