दोनदा बेल दिली, विमान हललं नाही

उस्ताद,

तीर्थरूप लिहावं इतके तुम्ही मोठे नाही, आणि प्रिय मित्र लिहावं तर ते तुम्हाला सध्या मान्य होणार नाही, म्हणून मधलं काहीच न लिहिता तुमच्या मास्तरचा नमस्कार. मनातल्या मनात तिकिटांची पेटी खाली ठेवून दोन्ही हातांनी केला आहे, असं समजावं.

तुमचे गुडघे कसे आहेत? झोप लागते का? पोटाची तक्रार निवृत्तीनंतर कमी झाली असेल, कारण ती तक्रार पोटाची नव्हतीच, डेपोच्या कॅन्टीनची होती. नातवाचे दात आले का, सूनबाईंची बदली झाली का, तुमच्या गल्लीतला तो खड्डा बुजवला का, हे सगळं सविस्तर कळवा. डोळ्यांविषयी मी विचारत नाही. पाच महिन्यांपूर्वी तुमच्याकडे आलो असताना आपण तुमच्या स्कूटरवरून निघालो, डावीकडून सायकलवाला आला, तुम्हाला तो दिसला नाही, मी ओरडलो, तुम्ही वाचलात, तोही वाचला, आणि संध्याकाळी मी ते तुमच्या मुलाच्या कानावर घातलं. मग डॉक्टर झाले, कडेचं दिसत नाही असा निकाल लागला, मुलाने स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि तुम्ही माझा फोन घेणं बंद केलंत. या विषयावर या पत्रात एक अक्षरही लिहायचं नाही, असं मी ठरवलं आहे. पत्राचा विषय अगदी वेगळा आहे. मी विमान चालवायला शिकतो आहे.

खरं विमान नाही. (सौ. म्हणते हे वाक्य आधी लिहायला हवं होतं, पण आता लिहून झालं.) आमचे जावई एसी दुरुस्त करतात, पण त्यांचं लक्ष कायम त्याच्याही वर, आभाळात. त्यांनी घर बदललं, नव्या घरात जागा पुरेना, तेव्हा त्यांनी आपलं सगळं विमान आमच्या पुढच्या खोलीत आणून मांडलं. म्हणजे एक कॉम्प्युटर, कपाटाच्या दाराएवढा पडदा, वरचा भाग कुणीतरी कापून नेल्यासारखं दिसणारं स्टिअरिंग, दोन पेडल, मधे दोन दांडे आणि दोन खुर्च्या. खेळातलं विमान मात्र खऱ्या विमानाबरहुकूम आहे, एकशे ऐंशी उतारूंचं, आणि त्यातलं प्रत्येक बटण खरोखर काहीतरी करतं. जावयांनी मला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं आणि मी मान हलवली. पुढचा सगळा घोटाळा त्या मानेचा आहे.

हे विमान चालू अवस्थेतही मिळतं आणि बंद अवस्थेतही. जावई म्हणाले, खरं शिकायचं तर बंदपासून सुरुवात करा. आपल्या एसटीचं कसं होतं, चावी फिरवली की झालं, नाहीच झालं तर उतारूंना उतरवून ढकलायचं. इथे समोर पाच-सहाशे बटणं आणि सगळीकडे काळोख. आधी बॅटरी लावायची. मग शेपटीत एक छोटं इंजिन असतं, ते चालू करायचं. ते इंजिन विमान ओढत नाही, फक्त मोठ्या इंजिनांना चालू व्हायला हवा देतं. म्हणजे इंजिन चालू करायला इंजिन. छोटं इंजिन कशाने चालू होतं असं विचारलं, तर बॅटरीने. मग बॅटरीने सरळ मोठंच का चालू करत नाहीत, असं मी फोनवर विचारलं, तेव्हा जावयांनी जे उत्तर दिलं त्यातला ‘बाबा’ हा शब्द तेवढा मला कळला.

तिसऱ्या दिवशी दोन्ही मोठी इंजिनं चालू झाली. खोलीत असा आवाज घुमला की शेजारचे लोक मिक्सर दुरुस्त करून घ्या असं सांगायला आले. मी डावीकडच्या खुर्चीत बसलो होतो, आणि त्याचं कारण उघड आहे. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तेव्हा डावीकडची जागा माझ्यासारख्या कंडक्टरची. हाताशी एक बटण सापडलं, ते दाबलं की मागे उतारूंच्या डब्यात टिंग असं वाजतं. फार बरं वाटलं. दोनदा वाजवलं आणि बाहेर बघत बसलो. विमान हललं नाही. पुन्हा दोनदा बेल दिली, जरा जोरात. तरी नाही. असा अर्धा तास गेला असेल. सौ. आली आणि कोणाची वाट बघताय म्हणून विचारलं. मी म्हणालो, ड्रायव्हरची. बोलून गेल्यावर माझं मलाच कळलं. उजव्या खुर्चीत तिने धुतलेले टॉवेल घड्या करून ठेवले होते, ते उचलून ती आत निघून गेली.

तर ड्रायव्हर नाही म्हटल्यावर मीच डावीकडून चालवू लागलो, बदली माणूस म्हणून. निघण्याआधी एक यादी वाचायची असते. एकाने विचारायचं, दुसऱ्याने हात लावून उत्तर द्यायचं. हे काम सौ.ने आपणहून घेतलं. तिने एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली, पोट शिवण्याआधी बोळे मोजले, त्यामुळे ‘झालं’ हे उत्तर तिला चालत नाही. झालं म्हणजे काय झालं, किती झालं, डोळ्यांनी बघितलं का, असं ती खोदून विचारते. शिवाय यादीच्या शेवटी तिने पेन्सिलने स्वतःच्या तीन ओळी घातल्या आहेत: गॅस, मागचं दार, रक्तदाबाची गोळी. आजवर आमचं एकही विमान घरचा गॅस चालू ठेवून उडालेलं नाही. बाकीच्या विमानांविषयी मी खात्री देऊ शकत नाही.

पहिल्या उड्डाणाला यादीत सगळं बरोबर असूनही विमान नाकाने वर आणि शेपटीने खाली गेलं. वेग घ्यायच्या आधीच नाक उचललं आणि शेपटी धावपट्टीवर घासत ठिणग्या उडाल्या. चार वेळा हेच. इंजिन बघितलं, पंख बघितले, काही दोष नाही. मग जावयांनी घरी येऊन कॉम्प्युटर तपासला आणि बराच वेळ तोंडावर हात ठेवून बसले. त्याचं असं झालं होतं की उतारू कुठे बसवायचे हे आपल्याला ठरवता येतं, आणि मी सवयीने सगळ्यांना मागे सारलं होतं. मागे सरका, मागे जागा आहे, दारात गर्दी करू नका, हे बावीस वर्षं ओरडलो, ते बोटांतून कसं जाईल? (बारा जण उभे घ्यायचाही प्रयत्न केला होता. कॉम्प्युटरने घेतले नाहीत. त्याची कोणीतरी बदली करायला हवी.)

उतारू सारखे वाटून बसवल्यावर विमान उडालं. वर गेल्यावर मला काय करावं कळेना, कारण वर रस्ता नाही, फाटा नाही, ओव्हरटेक करायला कोणी नाही. विमान आपोआप चालत होतं. तेवढ्यात खाली एक धावपट्टी दिसली. धावपट्टी म्हणजे थांबा, आणि थांबा सोडून गाडी पुढे नेणं तुम्ही मला शिकवलेलं नाही. तुम्ही एका म्हातारीच्या बोचक्यासाठी दोनशे फूट गाडी मागे घेतलेली मी पाहिली आहे. तेव्हा मी विमान उतरवायला घेतलं. कुणीतरी पुरुषी आवाजात आकडे मोजू लागलं, शंभर, पन्नास, चाळीस. मला वाटलं उतारू मोजतोय, आणि एकशे ऐंशीतले एकशे चाळीस गेले कुठे या काळजीने मी मागे वळून बघितलं. मागे आमचं शोकेस. तो आपला जमिनीपासूनची उंची मोजत होता. चाकं बाहेर काढायची राहून गेली होती, आणि एकंदरीत आम्ही मक्याच्या शेतात थांबलो. सौ.ने स्वयंपाकघरातून विचारलं, सगळे आहेत का. मी म्हणालो, आहेत. ती म्हणाली, मोजून सांगा.

असे पाच आठवडे गेले. मग एक दिवस जावई फोनवर बोलता बोलता सहज म्हणाले की डावी खुर्ची कॅप्टनची असते, उजवीकडे त्याचा सहकारी. उस्ताद, माझ्या हातातला कप तसाच राहिला. म्हणजे पाच आठवडे मी तुमच्या जागेवर बसलो होतो. तुम्हाला आठवत असेल, एकदा डेपोत तुम्ही चहाला उतरलात आणि मी गंमत म्हणून तुमच्या सीटवर चढून बसलो. तुम्ही परत आलात आणि दार उघडून नुसते उभे राहिलात, मी उतरेपर्यंत. तसाच मी उतरलो, आमच्याच घरात, आमच्याच खुर्चीवरून, आणि उजवीकडे जाऊन बसलो.

उजवीकडच्याचं काम मी पुस्तकात वाचलं. यादी मोठ्याने वाचायची, बाहेरच्यांशी बोलायचं, आकडे सांगायचे, आणि आपल्या बाजूला काय आहे ते बघून कॅप्टनला कळवायचं. हे तर माझंच काम. वळणावर मी दारातून वाकून ‘डावी मोकळी’ म्हणायचो आणि तुम्ही मान न वळवता गाडी घालायचात. बावीस वर्षांत एकदाही तुम्ही मान वळवून खात्री केली नाहीत. सायकलवाल्याच्या दिवशीही स्कूटरवर डावी बाजू माझीच होती, म्हणून मी ओरडलो. पण मी मागे नसेन त्या दिवशी कोण ओरडणार, एवढंच मी तुमच्या मुलाला विचारलं. चुगली नाही केली, विचारलं. विचारलं नसतं तर मला झोप लागली नसती, आणि विचारल्यापासूनही नीट लागत नाही. (हे लिहायचं नाही असं ठरलं होतं. खोडत नाही, कागद खराब होतो.)

पत्र फार लांबलं. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, आणि तुमच्या मुलाला सांगा की मला त्याचा राग नाही, त्यालाही माझा नसावा. इकडचं सगळं ठीक आहे, विमान सोडून.

तुमचाच,
मास्तर

ता. क. एक छोटं काम होतं. तुमच्या सीटवरची ती निळी गादी, मधे खड्डा पडलेली, निवृत्तीच्या दिवशी तुम्ही काखेत मारून घरी नेलीत. आमची डावी खुर्ची फार कडक आहे. गादी पाठवाल का?

ता. क. दुसरा. गादी पार्सलने पाठवू नका. तो खड्डा दुसऱ्या कोणाला बसत नाही. दोन तासांचा तर रस्ता आहे, आणि आपल्याच डेपोची गाडी थेट आमच्या चौकात थांबते.

ता. क. तिसरा. डावी खुर्ची आमच्याकडे भिंतीला लागून आहे. मी नीट तपासलं, भिंतीतून सायकलवाला येत नाही. बघायचं ते सगळं सरळ समोर आहे. उजवीकडचं मी सांगेन.

ता. क. चौथा, आणि हा सौ.ने लिहायला लावला. गेल्या गुरुवारी मी उजवीकडे बसून विमान धावपट्टीवर व्यवस्थित उतरवलं, चाकं काढून. तिने मोजले, एकशे ऐंशी भरले. तेव्हा मला ड्रायव्हरची गरज आहे, असं या पत्रावरून कोणी समजू नये. गरज नाही, तरीही रविवारी सकाळी दहाला मी उतारू बसवून ठेवतो आहे, पुढे-मागे सारखे. टॉवेल आता कपाटात असतात. दार उघडं ठेवलं आहे. बेल तुम्ही बसल्यावर देईन.