गच्चीवरचे ऊन मिळणेबाबत

प्रति,
मा. उपनिबंधक साहेब,
सहकारी संस्था, ठाणे.

अर्जदार: सौ. विनिफ्रेड रुडॉल्फ मिस्किटा, वय ६३,
नीलशिखर सहकारी गृहनिर्माण संस्था, ब विंग, तिसरा मजला, घोडबंदर रोड, ठाणे (प.)

विषय: पतीच्या त्वचारोगामुळे इमारतीच्या गच्चीवर रोज कपडे वाळत घालू देण्याबाबत.

संदर्भ: ‘संस्थेची प्रतिमा मलिन केल्याबाबत’ सचिवांनी मला बजावलेली नोटीस.

महोदय,

मी तहसील कार्यालयातून टंकलेखिका म्हणून निवृत्त झाले आहे. नोकरीत असताना लोकांचे पुष्कळ अर्ज मी टंकित केले, पण नवऱ्याच्या अंगावरच्या कपड्यांसाठी स्वतःच अर्ज लिहावा लागेल असे वाटले नव्हते. मजकुरात काही गोष्टी चारचौघांत न बोलण्याच्या आहेत. त्या लिहिल्यावाचून गत्यंतर नाही, तरी क्षमा असावी.

माझे पती रुडॉल्फ यांना मधुमेह आहे. आज जेथे आमची इमारत उभी आहे तेथे त्यांचे भातशेत होते. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने ही सदनिका दिली. मुलगा नेविल, सून जोविटा व नात शॅनन आमच्यासोबत राहतात. गेल्या पावसाळ्यात पतींच्या कमरेवर, लेंग्याच्या नाडीखाली, बांगडीएवढा लाल चट्टा उठला. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्याही झाल्या. शेत होते तेव्हा चिखल्या दर वर्षी होत आणि उन्हात पाय पसरून बसले की बऱ्या होत, म्हणून त्यांनी मनावर घेतले नाही. चट्ट्यासाठी मात्र ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने चिठ्ठी न मागता एक ट्यूब हातात ठेवली. म्हणाला, “अंकल, दो दिन में गायब!” खाज खरोखरच गेली. ट्यूब संपताच ती अशी उसळली की जांघ, पोट, पाठ काही उरले नाही. घरात टॉवेल एकमेकांचे वापरण्याची सवय. महिन्याभरात नेविलच्या काखेत, जोविटाच्या कमरेवर आणि शॅननच्या मानेवर तसेच चट्टे आले. शॅननला वर्गात वेगळ्या बाकावर बसवू लागले. ती घरी येऊन विचारी, “नाना, मी घाण आहे का?” आणि तिचे आजोबा उठून आत जात.

शेवटी आम्ही त्वचारोगाच्या डॉक्टर हेमांगी यांच्याकडे सहकुटुंब गेलो. त्यांनी ट्यूब पाहिली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. “यात स्टेरॉइड आहे. खाज दबते, बुरशी आत पसरत राहते,” त्या म्हणाल्या. त्यांनी सर्वांना गोळ्या व मलम दिले, खाज थांबली तरी त्या सांगेपर्यंत औषध सोडायचे नाही अशी ताकीद दिली. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात, आंघोळीनंतर जांघा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आजी, औषध मी देते. कपडे तुम्ही वाळवा. ओलसर कपडा अंगावर गेला की माझं औषध फुकट. उन्हात कडक वाळलेलाच घालायचा.”

साहेब, माझी तक्रार येथून सुरू होते.

आमच्या संस्थेत गॅलरीत, खिडकीत किंवा कठड्यावर कपडा दिसू नये असा ठराव आहे. कपड्यांसाठी प्रत्येक सदनिकेला ‘ड्राय बाल्कनी’ दिली आहे. आमची ड्राय बाल्कनी इमारतीच्या मधल्या बंदिस्त पोकळीत, म्हणजे डक्टमध्ये, उघडते, वरच्या मजल्यांवरील एसीचे पाणी तेथे दिवसभर गळते आणि ऊन तेथे कधीच पोहोचलेले नाही. जूनपासून तेथे टाकलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओला लागतो व त्याला कुबट वास येतो. आम्ही पंख्याखाली दोऱ्या बांधल्या. जोविटा कामावर जाण्यापूर्वी घरातील सर्वांचे आतले कपडे इस्त्री करी, तरी इलॅस्टिक दमटच राही. नेविलने ड्रायर आणला. त्याची वाफ बाहेर सोडणारी नळी खिडकीतून दिसते म्हणून कमिटीने ती काढायला लावली. नळी काढल्यावर ती वाफ घरातच कोंडू लागली आणि भिंतींना बुरशी धरली.

नाइलाजाने एके दिवशी कडक ऊन पडले असता मी गॅलरीत स्टँड ठेवला. सचिव श्री. ऋतुराज यांनी खालून फोटो काढला, पतींच्या चड्डीभोवती लाल वर्तुळ केले आणि तो संस्थेच्या ग्रुपवर टाकला. खाली लोकांनी हसण्याची चित्रे टाकली. पतींनी तो फोटो पाहिला. त्या दिवसापासून ते बागेत उतरेनासे झाले, रविवारी चर्चलाही येईनात.

मी सचिवांना भेटून गच्चीची किल्ली मागितली. ते वयाने नेविलएवढे आहेत. “आँटी, गच्चीवर वॉटरप्रूफिंग झालंय. खराब होईल,” ते म्हणाले. गच्चीवर सकाळी योगवर्ग भरतो, हे मी निदर्शनास आणले. “योग वेगळा आणि तुमचे कपडे वेगळे. आणि बाकीच्यांना इन्फेक्शन झालं तर?” उन्हात वाळलेल्या कपड्याने कोणास काय होणार, असे मी विचारले. त्यांनी लिफ्टचे बटण दाबले.

त्यानंतर मी केले ते आपणांस चमत्कारिक वाटेल. पाऊस उघडला की मी धुतलेले कपडे बादलीत भरून खाली सर्व्हिस रोडला नेऊ लागले. तेथे दुभाजकाच्या लोखंडी कठड्यावर ऊन चांगले येते. मी कपडे पसरून, वाऱ्याने उडू नयेत म्हणून छत्री घेऊन शेजारी उभी राहत असे. ट्रॅफिक अडकला की लोक माझ्याकडे बघत. एका मोटारसायकलवाल्याने लेंगा चाचपून विचारले, “आँटी, कितने का दिया?” विकायचा नाही म्हटले, तर तो घासाघीस करू लागला. संस्थेचे वॉचमन महेंद्र मला बादली उचलून देत. त्यांना त्याबद्दल समज मिळाली, म्हणून मी त्यांना नको म्हटले. अशाच एका जॅममध्ये सचिवांची गाडी नेमकी माझ्यासमोर येऊन थांबली. त्यांनी काच खाली केली नाही. संध्याकाळी संदर्भातील नोटीस आली. सदनिकांचे भाव माझ्यामुळे पडतील, असे तीत नमूद आहे.

नोटिशीनंतर नेविल म्हणाला, “मम्मी, रस्त्यावर नको जाऊस. मला खाली तोंड दाखवता येत नाही.” मी गेले नाही. कपडे पुन्हा डक्टमध्ये टांगले. पती बाहेर पडत नव्हते, पण त्यांना घरात मोजे लागतात, मधुमेहामुळे पाय जपावे लागतात. ते ओलसर मोजे घालत राहिले व मला कळू दिले नाही, कारण सांगितले असते तर मी पुन्हा रस्त्यावर गेले असते. उजव्या पायाच्या करंगळीची बेचकी चिरली. एका दुपारी त्यांना हुडहुडी भरली, पाय घोट्यापर्यंत लाल व तप्त झाला. इस्पितळात नेईपर्यंत ते बरळू लागले होते. भेगेतून जंतू आत शिरले, असे डॉक्टरांनी सांगितले. करंगळी काढावी लागली. बाकीचा पाय वाचला आहे, पण पुन्हा ओल लागली तर हमी नाही, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

शुद्धीवर आल्यावर पतींनी पायाविषयी विचारले नाही. माझा हात धरून म्हणाले, “विनी, मना उन्हान बसव गो.” वॉर्डात खिडकी होती, तीतून ऊन येत नव्हते.

आणखी एक गोष्ट आपल्या निदर्शनास आणणे मला भाग आहे. परवा संस्थेतील एक भगिनी माझ्या दारी आल्या. नोटिशीपूर्वी संस्थेने माझ्या विरोधात केलेल्या ठरावावर त्यांची सही आहे. आत येऊन त्यांनी दार लावून घेतले, साडीचा काठ सरकवून कमरेवरचे चट्टे दाखवले आणि रडू लागल्या. “घरात सगळ्यांना आहे हो. आमच्या मजल्यावर अजून दोघींना आहे. ट्यूब लावतोय, जातच नाही.” मी त्यांना ट्यूब बंद करायला सांगितले, डॉक्टर हेमांगींचा पत्ता दिला आणि या अर्जावर सही मागितली. त्या म्हणाल्या, “सही केली तर सगळ्यांना कळेल.” मी आग्रह केला नाही. त्यांचे नाव मी येथे देणार नाही, आपणही विचारू नये. परंतु संस्थेत हा रोग केवळ मिस्किटांच्या घरात आहे, असे कोणी आपणांस सांगितले तर ते खरे मानू नये.

सबब विनंती की, गच्ची सर्व सदस्यांसाठी सकाळी योगवर्ग संपल्यापासून दुपारपर्यंत कपडे वाळविण्यास खुली ठेवावी, असा आदेश आपण संस्थेस द्यावा. चौकशीसाठी आल्यास दप्तर नंतर तपासावे. आधी माझ्या ड्राय बाल्कनीत यावे आणि कोणत्याही एका कपड्यास हात लावून पाहावा.

पतींना शनिवारी इस्पितळातून सोडणार आहेत. खाट रिकामी करणे क्रमप्राप्त आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यापूर्वी आदेश होऊ शकला नाही तर, शनिवारी मी त्यांना कोठे न्यावे, एवढे तरी लेखी कळवावे.

सोबत: डॉक्टरांच्या चिठ्ठीची व नोटिशीची प्रत.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,

(सही)
विनिफ्रेड रुडॉल्फ मिस्किटा
ठाणे, दि. २० ऑगस्ट २०२५