मधली बाग

सर,

आज हातकणंगल्याच्या वाटेवर, ऊस तुटून गेलेल्या एका रानात नकाशा घेऊन उभा होतो आणि तुमची फार आठवण आली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कागदावर रस्ता ओढताना तुमचं खाकरणं ऐकू येतं. विलायतेतल्या पहिल्या बागवस्त्या शिकवायच्या म्हणून तुम्ही आम्हाला भर उन्हात राजारामपुरीच्या गल्ल्यांतून फिरवलंत. "त्यांनी आधी झाडं बघितली, झाडांमधनं रस्ता वळवला, घरं मागनं. भिंतीऐवजी मेंदीचं कुंपण. आणि तुम्ही? आधी कंपाउंड!"

मग तशी वस्ती काढायला सांगितलीत. मी तेव्हा वर्गातल्या एका मुलीपायी पुरता येडा झालो होतो. चष्मा कपाळावर चढवून तुम्ही माझ्या शीटवर वाकता. "पावणं, अख्ख्या वस्तीत तीन बाकं, आणि तिन्ही ह्याच घरासमोर? कोण ऱ्हातंय हितं?" वर्ग खिदळतो. माझं डोकं सटकतं, मी शीट फाडायला घेतो. तुम्ही मनगट धरता. "फाडू नको की. एका घरासाठी एवढं सुचलं न्हवं? आता समद्या घरांसाठी सुचू दे."

तिचं लग्न ठरलं आणि मी कॉलेज सोडलं. घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. तुम्हीच मला एका लेआउट काढणाऱ्या ऑफिसात चिकटवलंत. अजून तिथंच आहे, आणि सुखात आहे.

आज रानाचे मालक माझ्या नकाशातल्या मधल्या बागेवर बोट ठेवून म्हणाले, "बाग ढकला तिकडं ओढ्याकडंला. मधले प्लॉट मोक्याचे हायत." पूर्वीचा मी नकाशा त्यांच्या अंगावर फेकून निघून आलो असतो. आज म्हटलं, "मालक, तुम्ही हितंच थांबा. मी ओढ्याला जातो. बागेत खेळणारी तुमची नात समजून मला जेवायला हाक मारा." ते म्हणजे आवाज गावभर ऐकू जाणारा माणूस. हात उंचावून ओरडताना दिसले, पण वाऱ्यात एक शब्द पोचला नाही. परत आलो तर धापा टाकत होते. "ऱ्हाऊ दे बाग मधीच. मला न्हाय रोज एवढं वरडायला जमत."

बाग वाचली, सर. हे पत्र कुठं टाकायचं नाही, ड्रॉवरमध्येच राहील. एकच सांगतो. "कुठं शिकलास रे हे?" असं मालकांनी विचारलं, तेव्हा मी "असंच सुचलं" म्हणालो. तुमचं नाव घेतलं असतं, तर त्यांच्यासमोर रडू फुटलं असतं.