आखूड पाकळीचं फूल

आई,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. तू पिशवीत कोंबलेले तिन्ही स्वेटर एकावर एक घालते आणि गाठोड्यासारखी दिसते. बाबांचा गुडघा कसा आहे?

काम छान चाललंय. डोंगरमाथ्यावरची नखाएवढी फुलं भिंगाखाली धरायची, पाकळ्या-केसर मोजायचे आणि कूळ ठरवायचं. काल एक निळं फूल सापडलं. चार पाकळ्या सारख्या, पाचवी आखूड. आमचे सर म्हणाले, "हे कुठल्याच पुस्तकात नाही गं."

पण माझ्या उशीच्या अभ्र्यावर तू हेच फूल भरलंयस, आखूड पाकळीसकट. आणि डोंगर तर तू चित्रातच पाहिलेत.

ती फुलं एकाच जागी आहेत, अभ्र्यावर आहेत तशीच, लांबट कडं करून. बाहेर बर्फ, आत नुसती माती. टेप तंबूत राहिली होती, म्हणून माप घ्यायला मीच आत आडवी झाले. डोक्यापासून टाचेपर्यंत बरोब्बर मावले. माती उबदार होती. सरांनी हाका मारल्या नसत्या, तर उठलेच नसते.

काळजी करू नकोस. फक्त उलट टपाली एवढं कळव: अभ्र्यावरची मधली जागा तू रिकामी सोडलीस, ती दोरा संपला म्हणूनच ना?

तुझी थोरली